सुरकुत्यांना पारा कळत नाही

मे महिना लागला की नागपुरात दोन माणसांचं बोलणं आधी पाऱ्यावर येतं. ४५ झाले का, काल ४६ होते म्हणे, चंद्रपूर आपल्या पुढे गेलं का. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा तर घराघरांत तोच विषय होता. सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं, आणि काही जणांचा चक्क हिरमोड झाला.

ऊन आपण असं अंशांत मोजतो. खिशातला कांदा, फ्रीजमधलं पन्हं, डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, सगळी तयारी त्या अंशांविरुद्ध असते. उष्माघात टाळायला पाणी, पन्हं, दुपट्टा योग्यच आहेत (कांद्याबद्दल मी गप्प बसतो). पण चेहरा जून दिसायला लावणारं जे ऊन आहे, त्याचा थर्मामीटरशी काही संबंध नाही. ते तापत नाही, चटका देत नाही, डोळ्यांना दिसतही नाही.

सूर्याकडून आपल्यापर्यंत मुख्यतः तीन प्रकारचे किरण येतात. एक डोळ्यांना दिसणारा उजेड. दुसरे अवरक्त किरण, ज्यांची ऊब जाणवते. तिसरे अतिनील किरण, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. ते एकूण ऊर्जेत अगदी थोडे असतात, पण त्वचेच्या बाबतीत सगळ्यात उपद्रवी. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांतले सुमारे ९५ टक्के ‘ए’ प्रकारचे असतात, ज्यांना यूव्हीए म्हणतात. उरलेले यूव्हीबी. त्वचा लाल करणं, भाजणं हे मुख्यतः यूव्हीबीचं काम. यूव्हीए भाजत नाही, पण जास्त खोल जातो. म्हणून त्यानं केलेलं नुकसान त्या दिवशी कळत नाही. ते पंधरा-वीस वर्षांनी आरशात दिसतं.

उष्णतेची आणि अतिनील किरणांची वेळही वेगळी आहे. नागपुरात पारा सगळ्यात वर जातो तो दुपारी तीन-चारच्या सुमारास, कारण जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो. अतिनील किरण मात्र सूर्य सगळ्यात उंच असताना सर्वाधिक असतात, आणि आपल्याकडे ती वेळ साधारण बारा ते साडेबाराची. दिवसभरातले सुमारे ६० टक्के अतिनील किरण सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांतच येतात. म्हणजे ‘अजून ऊन तापायचंय, तोवर गोकुळपेठेतून भाजी घेऊन येते’ म्हणत अकराला निघालेल्या काकू चटक्यापासून वाचतात, अतिनील किरणांच्या मात्र ऐन गर्दीत सापडतात. उलट साडेचार-पाचला, रस्ता अजून भट्टीसारखा असताना, चेहऱ्याला धोका बराच उतरलेला असतो.

हिवाळ्याचा गैरसमज त्याहून मोठा आहे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेरीस, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होतो त्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी? तेव्हाही भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. त्वचारोगतज्ज्ञ एक सोपी खूण सांगतात: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल, तर अतिनील किरण जोरात आहेत असं समजा. ४५ अंशांवर सावली बरोबर आपल्याएवढी असते. म्हणजे नागपुरात वर्षातला एकही दिवस असा नाही, की भर दुपारी सावली आपल्यापेक्षा धड लांब पडते. डिसेंबरात गच्चीवर सतरंजी टाकून, उन्हाकडे तोंड करून संत्री सोलत बसायचं सुख मी कुणाचं हिरावून घेणार नाही. पाठ उन्हाकडे केली तरी ऊब तेवढीच मिळते, एवढंच.

ढगांवरही फार विसंबू नये. पातळ ढगांमधून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. जुलैत सूर्य डोक्यावर असतो आणि आभाळ भरलेलं असतं, म्हणून स्कार्फ कपाटात जातो.

कातडीच्या आत काय असतं

त्वचेचे ढोबळमानानं तीन थर. सगळ्यात वरचा बाह्यत्वचेचा, कागदासारखा पातळ. तो सतत झडतो आणि खालून नवा येतो. तरुणपणी तळाच्या पेशीला वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसा हा वेळ वाढतो. म्हणून चाळिशीनंतर चेहरा निस्तेज वाटू लागतो. सगळ्यात खाली चरबीचा थर. आणि मधे असते ती अंतस्त्वचा. सुरकुत्यांची खरी गोष्ट या मधल्या थरात घडते.

जुन्या घरातली सुतळीनं विणलेली बाज आठवा. मधला थर तसा विणलेला असतो. सुतळीच्या जागी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे मजबूत धागे, त्यांच्यामधून इलॅस्टिनचे ताणून परत जागेवर येणारे तंतू, आणि मधल्या फटींत पाणी धरून ठेवणारे हायलुरोनिक ॲसिडसारखे पदार्थ. ही वीण सांभाळायला फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. झिजलेला धागा काढणं, नवा घालणं हे त्यांचं काम. वीण घट्ट असेपर्यंत वरचं कापड सपाट दिसतं. ती सैल पडली की कापडाला घड्या पडतात, आणि वरच्या कापडाला कितीही इस्त्री केली तरी त्या जात नाहीत. महागड्या क्रीमच्या बऱ्याच जाहिराती या इस्त्रीच्याच आहेत.

वयानुसार ही वीण आपोआप सैल होतेच. तारुण्यापासूनच कोलॅजेन दर वर्षाला साधारण १ टक्का घटत जातं. नवं इलॅस्टिन तर वाढीच्या वयानंतर जवळजवळ तयारच होत नाही. लहानपणी मिळालं तेच आयुष्यभर पुरवायचं. बाह्यत्वचा आणि मधला थर एकमेकांत खाचांनी घट्ट बसलेले असतात, त्या खाचाही उतारवयात सपाट होतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, नाजूक होते, जरा घासलं तरी सोलते. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर घसरण वेगानं होते: इस्ट्रोजेन कमी झाल्यावर पहिल्या पाचेक वर्षांतच त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जाऊ शकतं. पन्नाशीत ‘अचानक चेहरा उतरला’ असं वाटतं, त्यामागे हे असतं. आनुवंशिकतेचाही वाटा आहे, पण त्याला आता इलाज नाही, म्हणून तो विषय सोडून देऊ.

निव्वळ वयानं त्वचा किती म्हातारी होते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दंडाची आतली बाजू पाहा, काखेजवळची. आता हाताचा मागचा भाग किंवा गालाचं हाड पाहा. दोन्हींचा जन्म एकाच दिवशी झालेला आहे. एकीनं ऊन पाहिलं नाही, दुसरीनं रोज पाहिलं. साठीतल्या माणसाच्याही दंडाची आतली कातडी बहुधा मऊ, एकसारख्या रंगाची असते. फार तर थोडी सैल. डाग, खडबडीतपणा, खोल रेषा हे त्यावर उन्हानं चढवलेलं व्याज.

अतिनील किरण मधल्या थरात शिरले की पेशींत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. त्या गडबडीत पेशी काही विकरं (एन्झाइम) सोडतात, आणि ही विकरं कात्रीचं काम करतात: कोलॅजेनचे धागे कापतात. त्याच वेळी नवं कोलॅजेन बनवण्याचा वेगही मंदावतो. यासाठी त्वचा लाल व्हायचीही गरज नाही, त्याहून कमी उन्हातही ही विकरं वाढतात. शरीर दुरुस्ती करतं, पण ती कधीच पुरी होत नाही. रोजची बारीक कसर साठत जाते. जोडीला बिघडलेल्या इलॅस्टिनचे गुंते थरात जमतात आणि त्वचा जाड, पिवळसर, चामड्यासारखी होते. शेतात चाळीस वर्षं राबलेल्या माणसाची मान मागून पाहिली असेल, तर वर्णनाची गरज नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका ट्रकचालकाचा आहे. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो छापून आला. त्यानं २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी होती, डावी मात्र लोंबलेली, घड्याघड्यांची, जणू दहा-वीस वर्षांनी मोठ्या माणसाची. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, खिडकी त्याच्या डाव्या गालाशी असते. काच यूव्हीबी बहुतेक अडवते, यूव्हीए मात्र बराच आत सोडते. गाडीची समोरची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घालून केलेली असते, ती बरीच अडवते. बाजूची साधी असते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. वर्धा रोडनं रोज बुटीबोरीला जा-ये करणाऱ्यांनी आपला उजवा गाल आणि उजवा हात एकदा निरखून पाहावा. एसी लावून काचा चढवल्या की ‘ऊन लागत नाही’ हे चटक्यापुरतं खरं आहे.

आपल्या रंगाचं काय

गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं. ते अतिनील किरणांचा काही भाग शोषून घेतं. म्हणून गोऱ्या युरोपीय बायकांच्या चेहऱ्यावर तिशीतच दिसू लागणाऱ्या रेषा आपल्याकडे साधारण दहा वर्षं उशिरा येतात. चेहऱ्याचं ८० टक्के म्हातारपण उन्हामुळे, असं जे सगळीकडे फिरतं, ते गोऱ्या फ्रेंच बायकांवरच्या अभ्यासातून आलेलं आहे. ते जसंच्या तसं आपल्या गालावर चिकटवू नये.

पण मेलॅनिन फुकट काम करत नाही. आपल्याकडे उन्हाचं म्हातारपण सुरकुतीच्या आधी रंगातून दिसतं: गालांवर वांग, डोळ्यांभोवती काळसरपणा, कपाळ आणि हनुवटी वेगवेगळ्या रंगाची. वांगाच्या बाबतीत तर अतिनील किरणांबरोबर साधा दिसणारा उजेडही भर घालतो. म्हणून वांग असलेल्यांना त्वचारोगतज्ज्ञ लोहाच्या ऑक्साइडची, किंचित रंगीत सनस्क्रीन सुचवतात. ‘आम्ही काळे, आम्हाला सनस्क्रीन कशाला’ हे म्हणणं निम्मं बरोबर आहे. निम्मंच.

उन्हाशिवायचे भागीदार

चेहऱ्याचे स्नायू इतर स्नायूंसारखे हाडापासून हाडाकडे जात नाहीत. त्यांची टोकं थेट कातडीत रुजलेली असतात. म्हणून हसलं, रागावलं, डोळे बारीक केले की कातडीला घडी पडते, स्नायूच्या आडवी. खालची वीण शाबूत असेल तर घडी मोडते. वीण सैल झाली की ती कायमची बसते. कपाळावरच्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेषा, डोळ्यांच्या कडेची पिसाऱ्यासारखी जाळी, सगळं यातलंच. बोटुलिनम टॉक्सिनची (बोटॉक्सची) इंजेक्शनं नेमकी इथे काम करतात: नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तीन-चार महिने अडवतात. गालावर उन्हानं पडलेल्या बारीक जाळीवर त्यांचा तेवढा उपयोग नाही. आणि उन्हात डोळे बारीक करून स्कूटर चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या कडेला दुहेरी मार बसतो, किरणांचा आणि घडीचा. धुळीसाठी घेतलेला गॉगल इथेही कामाला येतो.

चेहरा ‘उतरतो’ त्यात मात्र कातडीइतकाच खालच्या सांगाड्याचा हात असतो. वयानुसार डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो, गालातल्या चरबीचे कप्पे आटतात आणि खाली येतात. आधार गेला की वरची कातडी जास्तीची होते. दात पडले की जबड्याचं हाड झपाट्यानं झिजतं, म्हणून बोळकं झालेला चेहरा एकदम दहा वर्षांनी मोठा दिसतो. चेहऱ्यासाठी हजारो रुपयांची सीरम घेणारी माणसं दातांच्या डॉक्टरांकडे जायचं टाळतात, याची मला गंमत वाटते.

आता विदर्भाचा खास भागीदार, खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. सिगारेटबद्दल बरंच लिहून झालंय: रक्तवाहिन्या आकसतात, कोलॅजेन कापणारी विकरं वाढतात, ओठांभोवती उभ्या रेषा पडतात. खर्ऱ्याची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट आहे. सुपारीतलं ॲरेकोलिन तोंडाच्या आतल्या फायब्रोब्लास्टना चेतवतं, आणि तिथे कोलॅजेन कमी होण्याऐवजी नको तितकं साठतं. गालाची आतली बाजू कडक, पांढरट, पट्ट्यापट्ट्यांची होते; तोंड उघडेना होतं. डॉक्टर उभी तीन बोटं तोंडात घालायला सांगतात, ती जात नाहीत. तिखट सहन होत नाही. आत कडक पट्टे, बाहेर खपाटीला गेलेले गाल: पस्तिशीतला माणूस पन्नाशीचा दिसतो. या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे त्यातून तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका असतो. तेव्हा चेहऱ्याची चिंता फार पुढची.

साखरेचाही वाटा आहे. रक्तातली जास्तीची साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांना एकमेकांशी जखडून टाकते. त्वचेतल्या कोलॅजेनचं निम्मं बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात, म्हणजे चिकटलेली साखर मुक्कामच ठोकते. मधुमेह ताब्यात ठेवण्याची ही काही पहिली कारणं नव्हेत, पण यादीत आहेत.

कोरडेपणाच्या रेषा यात धरू नका. जानेवारीत किंवा एप्रिलच्या कोरड्या झळांत डोळ्यांखाली उमटणाऱ्या बारीक रेषा वरच्या थरातलं पाणी उडाल्यामुळे येतात. साधं मॉइश्चरायझर लावलं की दहा मिनिटांत जातात. ‘दहा मिनिटांत सुरकुत्या गायब’चे व्हिडिओ याच रेषांवर काढलेले असतात. जास्त पाणी प्यायल्यानं खऱ्या सुरकुत्या भरून येत नाहीत. मेमध्ये पाणी इतर कारणांसाठी भरपूर प्यावं.

मग करायचं काय

सनस्क्रीननं खरंच फरक पडतो का, याची नीट चाचणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात नंबोर नावाचं गाव आहे. तिथल्या ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हाताच्या मागच्या बाजूच्या त्वचेचे ठसे घेतले गेले. काहींना सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी पुन्हा ठसे घेतले, तेव्हा रोजवाल्यांच्या त्वचेचं म्हातारपण २४ टक्के कमी भरलं. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सनस्क्रीनही एसपीएफ १५ च्या आसपासची, आजच्या दुकानात सगळ्यात साधी ठरेल अशी. फरक पडला तो रोज लावण्यामुळे.

डबीवर दोन गोष्टी पाहायच्या. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब आहे: ३० असेल तर सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असेल तर ९८. या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. सुरकुत्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते यूव्हीए, आणि त्यासाठी ‘पीए’च्या पुढची अधिक चिन्हं पाहावीत, तीन किंवा चार असावीत. प्रमाण मात्र बहुतेकांचं चुकतं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरेल इतकी लांब पट्टी लागते. आपण वाटाण्याएवढी लावतो आणि ३० चा उपयोग त्याच्या कितीतरी खाली जातो. बाहेर राहणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

दुपट्टा किंवा स्कार्फ हा आपल्याकडचा उत्तम उपाय आहे, आणि स्वस्त. फक्त पातळ, विरळ विणीचं पांढरं सुती कापड वाटतं तितकं अडवत नाही, आणि ओलं केल्यावर त्यातून किरण आणखी आत येतात. मेमध्ये दुपट्टा ओला करायचाच, त्याशिवाय डोकं थाऱ्यावर राहत नाही; तेव्हा चेहऱ्यावर दोन-तीन पदर घ्यावेत. गडद, घट्ट विणीचं कापड जास्त चांगलं. ड जीवनसत्त्वाची काळजी असेल तर हात-पाय उन्हात ठेवावेत, चेहराच पुढे करायला हवा असं काही नाही.

झालेलं नुकसान काही प्रमाणात मागे नेणारं, सगळ्यात जास्त पारखलेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. ते मुळात मुरुमांसाठी वापरलं जायचं. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की उन्हानं म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरही ते काम करतं. १९९५ मध्ये अमेरिकेत बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. परिणाम दिसायला महिने लागतात, सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलते. रात्री लावायचं आणि डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात अजिबात नाही.

संत्र्याचं विचारल्याशिवाय नागपूरकर सोडणार नाहीत. क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला धड कोलॅजेन बनवताच येत नाही, हे खरं. ते संपलं की स्कर्व्ही होतो. पण गरजेपुरतं मिळालं की बाकीचं लघवीवाटे निघून जातं. दिवसाला एक-दोन संत्री खाणाऱ्याला आणखी अर्धा डझन खाऊन गाल गुळगुळीत होणार नाहीत. संत्रं चेहऱ्यावर चोळूनही ते खोल उतरत नाही. त्यासाठी खास आम्ल स्वरूपात बनवलेली सीरम लागतात. लिंबू चोळून उन्हात जाणं तर टाळाच, त्यातल्या काही रसायनांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कोलॅजेनच्या पावडरी पोटात पचून तुकडे होतात. काही छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे, पण त्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्याच पैशांवर झालेल्या आहेत. मी त्या पैशांत सनस्क्रीन घेईन.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. औषधाच्या दुकानातून ‘गोरं करणारी’, ‘डाग घालवणारी’ म्हणून घेतलेल्या बऱ्याच मिश्र क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मऊ होतो. मग त्वचा पातळ होत जाते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. जी वीण उन्हानं वीस वर्षांत सैल केली असती, ती काही महिन्यांत होते. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती सहज मिळतात. तुम्ही असं काही महिनोन्‌महिने लावत असाल तर एका रात्रीत बंद करू नका. एकदम थांबवलं की चेहरा आगीसारखा भडकतो, आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती हळूहळू कशी सोडवायची, हे ते सांगतील.